केंब्रिज की ब्रिस्टल? चिऊच्या प्रवेशाबद्दल

कॉव्हेंट्री

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "अरे, केंब्रिज मिळत असताना सोडतं का कुणी?" आणि मागून वहिनींचा आवाज आला, "तिलाही विचारा जरा." तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे: केंब्रिज, ब्रिस्टल, वॉरिक या तिन्हींतून तुझ्या लेकीने, चिऊने, कुठे जायचं. फोनवर नीट बोलणं होत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी प्रवेशाच्या फॉर्मचं. केंब्रिज पहिली पसंती, ब्रिस्टल राखीव, मग निकाल लागल्यावर शांतपणे ठरवू, असा तुझा बेत आहे. त्यात एक मेख आहे. जुलैमध्ये आयबीचे, म्हणजे तिच्या बारावीच्या परीक्षेचे, गुण केंब्रिजच्या अटीत बसले की तिची जागा तिथे पक्की होते आणि ब्रिस्टल आपोआप सुटतं. राखीव पसंती कामाला येते ती गुण कमी पडले तरच. नंतर मन बदललंच, तर हातातलं सोडून क्लिअरिंगमध्ये उरलेल्या जागा शोधत बसायचं. म्हणजे ठरवायचं ते आत्ताच, जूनच्या आधी.

आता मूळ मुद्दा. चिऊला केंब्रिजमध्ये मिळतोय तो निव्वळ इंग्रजी साहित्याचा प्रवेश. अभ्यासक्रम अप्रतिम आहे, त्याबद्दल वादच नाही. पहिल्या वर्षी शेक्सपिअरचा पेपर, शेवटच्या वर्षी शोकांतिकेचा; तोही सगळ्यांना सक्तीचा, ग्रीकांपासून पुढे. आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रं. जवळजवळ दर आठवड्याला एक निबंध लिहायचा आणि एखाद-दुसऱ्या सोबत्याबरोबर प्राध्यापकासमोर बसून त्यातलं वाक्यन् वाक्य लढवायचं. असं शिकवणं जगात फार कमी ठिकाणी उरलंय.

पण नाटक तिथे अभ्यासाच्या बाहेर आहे. एडीसी नावाचं थिएटर आहे, तिथला नाट्यक्लब १८५५ सालचा. सत्र चालू असताना संध्याकाळचा एक आणि रात्री उशिराचा एक असे प्रयोग लागतात, आणि दिग्दर्शनापासून सेट ठोकण्यापर्यंत बहुतेक सगळं मुलंच करतात. दिग्दर्शक पीटर हॉल, नट इयन मॅककेलन, अभिनेत्री एमा थॉम्प्सन यांनी इंग्रजीच शिकत शिकत असंच नाटक केलं. हे सगळं तुला ठाऊक आहे, कारण आपणही तेच केलं. दिवसा लेक्चरं, रात्री पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमी, भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून पोटात गोळा येणं. आपल्याला नाटक कुणी शिकवलं नाही, तरी आलं, असं तू म्हणशील. खरं आहे. पण आपल्याला कुणी शिकवणारं भेटलं असतं, तर ते नको म्हणालो असतो का रे?

डिसेंबरमध्ये पुण्यात होतो तेव्हा तू मला तिच्या एकांकिकेच्या तांत्रिक तालमीला नेलंस. तू चहा आणायला गेला होतास, म्हणून तुला सांगतो. शेवटच्या प्रवेशात आजी खुर्चीत बसल्या बसल्या दिवा उतरत जातो. प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा दर वेळी डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची कळ, सरळ खाली आणत होता. चिऊ म्हणाली, "असा नको. आजीने पदर सारखा केला की सुरू कर, आणि लोकांना कळता कामा नये." मग ती स्वतः डिमरपाशी जाऊन बसली. नजर आजीच्या हातावर, बोटं कळीवर. कितीतरी वेळा तेवढंच करून घेतलं. आजीचं काम करणारी मुलगी वैतागली, तेव्हा उठून तिला पाणी नेऊन दिलं आणि पुन्हा जागेवर. शेवटी जमलं तेव्हा अंधार झालाय हे मला झाल्यावरच कळलं. बंड्या, ही मुलगी नाटक नुसतं वाचणारी नाही. तिची बुद्धी हाताने काम करताना चालते.

म्हणून मी ब्रिस्टलच्या बाजूने आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांतला नाटकाचा पहिला स्वतंत्र विभाग तिथे १९४७ साली सुरू झाला. नाटककार हॅरॉल्ड पिंटरचं पहिलं नाटक १९५७ मध्ये त्याच विभागात पहिल्यांदा उभं राहिलं. नाटककार सारा केन तिथेच शिकली. चिऊचा अभ्यासक्रम नाटक आणि इंग्रजी दोन्हींचा आहे. म्हणजे साहित्य सुटत नाही आणि तालीम हाही अभ्यासच असतो. रात्री जागून केलेल्या कामावर दुसऱ्या दिवशी शिक्षक बोलतात, गुण देतात, का फसलं ते विचारतात. गावात १७६६ सालचं ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर आहे, अजूनही चालू. आणि विद्यापीठाचा स्वतःचा नाट्यसंग्रह आहे. तो बाहेरच्यांनाही आधी वेळ ठरवून बघता येतो. मी गेलो होतो. पुढ्यात एका जुन्या प्रयोगाची प्रॉम्प्टरची प्रत ठेवली. संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान शिवलेलं, त्यावर पेन्सिलीने कोण कुठून येणार, पडदा कधी, दिवे कधी. एका ठिकाणी खूण खोडून दोन ओळी खाली घेतली होती. मला तिथे चिऊच आठवली. अठराव्या वर्षी अशा कागदांशेजारी बसून शिकायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

वॉरिकबद्दल फार लिहीत नाही. माझ्या घराजवळ आहे, शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्डही जवळ, अभ्यासक्रम चांगला. माझ्याकडे येऊन जेवली असती हा माझा स्वार्थ. पण तिला तिथलं काही ओढत नाही, हे तिच्या बोलण्यातून कळतं.

पैशांचं तू बोलत नाहीस, पण मला ठाऊक आहे की झोप त्यानेच उडालीय. शिकवणीच्या फीवर केंब्रिज परदेशी मुलांकडून कॉलेजची फी वेगळी घेते, आणि सत्रात नोकरी करू नका असं त्यांचं सांगणं असतं. ब्रिस्टलमध्ये व्हिसाच्या नियमाप्रमाणे आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येईल. त्यातून खोलीभाडं निघणार नाही, वाणसामानाचा भार हलका होईल. एक मात्र तिला आत्ताच सांग: विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक कलाकार म्हणून पैसे घेऊन काम करता येत नाही, फ्रीलान्सही नाही. विद्यापीठातलं नाटक चालतं. शिवाय पदवीनंतर नोकरीसाठी राहायची मुदत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, दोनऐवजी दीड वर्षच आहे. हे तिन्हीकडे सारखंच, त्यामुळे निवडीत धरू नकोस, पण हिशेबात धर.

केंब्रिजचं नाव आयुष्यभर कामाला येतं, हे तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. मुंबईत एखाद्या मुलाखतीला ते नाव दार उघडेल, ब्रिस्टल कुठे आहे ते सांगावं लागेल. काकूंना शेजारी सांगायला केंब्रिज सोपं. आणि चिऊने स्वतः म्हटलं की मला तीन वर्षं फक्त वाचायचंय, रात्रीचं नाटक पुरे, तर मी एक शब्द बोलणार नाही, स्टेशनवर तिला घ्यायला जाईन. पण ते तिने म्हणायला हवं. तुझ्या चेहऱ्याकडे बघून नव्हे.

तेव्हा असं कर. तिला ब्रिस्टलच्या विभागाला ईमेल लिहायला सांग: दोन विषयांच्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या वर्षी दिग्दर्शन आणि प्रकाशयोजनेचे कुठले विषय घेता येतात, आणि त्यांना जागा किती. केंब्रिजलाही विचारू दे की नाटकावर प्रबंध करता येईल का. उत्तरं आली की शनिवारी तुमच्या संध्याकाळी मला फोन करा. आधी मी एकट्या चिऊशी बोलेन, मग तुझ्याशी. फॉर्म तोवर भरू नकोस.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझाच,
नाना