पावसाळ्याचा कॅमेरा उन्हाळ्याच्या हिशेबाने घेऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घाटातले रस्ते, मोऱ्या, पूल, दरडीच्या संरक्षक भिंती अशा कामांवर आता चाकांवरचे सोलर कॅमेरे दिसू लागले आहेत. ट्रॉलीवर पाच-सहा मीटरचा खांब, वर चार कॅमेरे, खाली पॅनेल आणि बॅटरीची पेटी. काम सरकेल तशी ट्रॉली पुढे ओढायची. सळई, सेंट्रिंगच्या प्लेटा, केबल, मशिनमधले डिझेल यांवर रात्री डल्ला पडतो, तिथे ही सोय मोलाची आहे. पण यवतेश्वर, पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी या पट्ट्यात अशा ट्रॉल्या नेमक्या जुलैत डोळे मिटतात आणि खापर कॅमेऱ्यावर फुटते. चूक बहुतेक वेळा खरेदीच्या हिशेबात असते. निविदेत मेगापिक्सेल असतात, झूम असतो, रात्री किती मीटर दिसेल तेही असते. ऊन नसताना यंत्रणा किती दिवस चालेल, एवढेच लिहायचे राहते.

चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून सुमारे ४० वॅट घेतात. चोवीस तासांचे झाले ९६० वॅट-तास, म्हणजे जवळपास एक युनिट. एप्रिलमध्ये ४०० वॅटचे पॅनेल तूटफूट वजा जाता रोज सव्वा ते दीड युनिट देते; सगळे सुरळीत चालते. महाबळेश्वर-कास पट्ट्यात ढग उतरले, की तेच पॅनेल दिवसाला पाव युनिटावर येते. सोबत १२ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची एक साधी बॅटरी असेल, तर तिच्यातले निम्मेच वापरता येते. दीड दिवसात खेळ खलास. त्यातही लेड-अ‍ॅसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट चार्ज राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरते. पुढे कितीही ऊन पडले तरी तिची ताकद परत येत नाही. एकाच पावसाळ्यात बॅटरी भंगारात जाते ती यामुळे.

घाटमाथ्यासाठी किमान चार दिवसांचा साठा धरावा. लिथियम आयर्न फॉस्फेटची २४ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची बॅटरी पाच युनिट साठवते आणि त्यातले चार निर्धास्त वापरता येतात. शिवाय पेटीत २० अँपिअरचा चार्जर बसवून घ्या. साइटवर मिक्सर किंवा पंपासाठी जनरेटर चालतोच. त्यावर दोन-सव्वादोन तास लावला, की दिवसभराची वीज भरून निघते. पॅनेल वाढवत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडते, कारण पॅनेल वाढले की वारा धरणारे शीडही वाढते. ताशी ९० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला ३८ किलोच्या आसपास दाब देतो. चार चौरस मीटर पॅनेल आडवे आले, तर दीडशे किलोंचा धक्का. ट्रॉलीचे चारही पाय पूर्ण बाहेर काढून त्यांखाली लाकडी स्लीपर घातलेच पाहिजेत. मुरमाच्या भरावावर नुसती लोखंडी थाळी दोन पावसांत एका बाजूने खचते. वाऱ्याचा इशारा आला, की खांब खाली घ्यावा. तीन मीटरवरून थोडे कमी दिसेल, पण यंत्रणा उभी राहील.

आता पाणी. कॅमेऱ्यावर आयपी ६६ (धूळ आणि पाण्याचा जोरदार मारा आत न शिरण्याचा दर्जा) छापलेले असते आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. पाणी शिरते जोडातून. बंद पडलेल्या ट्रॉलीचा जंक्शन बॉक्स उघडून पाहा: तळाला वाटीभर पाणी, नेटवर्क केबलच्या पिनांवर हिरवट गंज आणि वरच्या बाजूने आत आलेली केबल. पाणी केबलवरून ओघळत थेट आत उतरते. केबल नेहमी बॉक्सच्या तळातून आत घ्यावी, तिला आधी खाली झोळ द्यावा म्हणजे थेंब तिथेच गळेल, आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथले घट्ट बसणारे बूच) केबलच्या जाडीचाच वापरावा. पूर्ण हवाबंद वाटणाऱ्या पेटीतही घाम धरतो; दिवसा तापून रात्री गार झाली की ती दमट हवा ओढते. त्यासाठी हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट आणि सिलिका जेलची पिशवी हवी. पिशवी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदला. महाबळेश्वरात माकडे लोंबती केबल ओढतात, म्हणून ती लोखंडी पाइपातूनच न्या.

धुक्यात इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर रात्री पाहणारा) कॅमेरा स्वतःच्याच उजेडाने आंधळा होतो. भिंगाशेजारचे दिवे समोरच्या धुक्यावर आपटून परत येतात आणि पडद्यावर पांढरी भिंत दिसते. हे दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा भिंगापासून दीड-दोन मीटर बाजूला लावला, तर बराच फरक पडतो. भिंगासमोर किडे आणि कोळ्याची जाळीही कमी होतात. महत्त्वाच्या जागी एक थर्मल, म्हणजे उष्णतेवरून माणूस ओळखणारा, कॅमेरा असावा. मात्र मुसळधार पावसात आणि दाट धुक्यात त्याचाही पल्ला घटतो, हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवे.

घाटात वीज गेली की बऱ्याचदा मोबाइल टॉवरही जातो. दोन कंपन्यांची सिम घ्या, पण भिस्त कॅमेऱ्यातल्या कार्डावर ठेवा. दोन एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी भरतो; ५१२ जीबीचे कार्ड तीन आठवडे पुरते. नेटवरून फक्त हालचालीच्या क्लिप पाठवाव्यात. घड्याळ बरोबर आहे ना, हे आठवड्याला पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार चित्रण पुराव्यात देताना प्रमाणपत्र आणि हॅश (फाइलचा डिजिटल ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) द्यावा लागतो. वेळच चुकीची असेल, तर बचाव पक्षाला आयते निमित्त मिळते.

जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातल्या माण-खटावचा त्रास उलटा. तिथे धूळ आणि उष्णता. पॅनेल आठवड्याला पुसा, बॅटरीची पेटी पांढरी रंगवून सावलीत ठेवा, एवढ्याने बरेचसे भागते.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मजुरांच्या झोपड्या आणि बायकांच्या आंघोळीच्या आडोशाकडे कॅमेऱ्याचे तोंड असता कामा नये. तेवढा भाग सेटिंगमध्ये काळा करता येतो; पाच मिनिटांचे काम आहे.

सार्वजनिक कामांच्या निविदांत बिल अदा करण्याआधीची एक चाचणी घालावी, अशी आमची मागणी आहे. ट्रॉली ताब्यात घेताना बॅटरी पूर्ण भरा, पॅनेलवर ताडपत्री बांधा, टँकरच्या पाइपाने जोडांवर दहा मिनिटे पाणी मारा आणि चार दिवस तिला हात लावू नका. पाचव्या दिवशी सकाळी मागच्या चारही रात्रींचे चित्रण उघडून पाहा, मगच सही करा.

आपले,
बांधकाम साइटवरील विद्युत व सुरक्षा यंत्रणांचे काम करणारे काही तंत्रज्ञ, सातारा