अर्जुनाची भगवी छाटी कशासाठी काढली?

संपादक महोदय,

कालच्या अंकातलं ठाण्याच्या ‘सौभद्र’ प्रयोगाचं परीक्षण वाचलं. गायनाबद्दल लिहिलंय ते सगळं मान्य. पण अर्जुनाच्या राखाडी हुडीला ‘धाडसी’ म्हटलंय, ते मुळीच पटलं नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 1882 सालचं हे नाटक एका वेषांतरावर उभं आहे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. तोच बलराम अर्जुनाला यती समजून घरी आणतो आणि बहिणीला त्याच्या सेवेला ठेवतो. कशाच्या भरवशावर? अंगावरच्या भगव्या छाटीच्या. हुडीतल्या माणसाच्या पाया तो का पडेल? बलरामालाही जीन्स चढवली म्हणून प्रश्न मिटत नाही. नवे कपडे जरूर आणा, पण तुमच्या त्या जगात संन्यासी कशावरून ओळखायचा, ते आधी ठरवा.

भगवा दिव्यांखाली काळा पडतो म्हणून टाळला, असं दिग्दर्शकांचं म्हणणं तुम्ही छापलंय. निळ्या एलईडीखाली तो मातकट दिसतो, हे खरं. मग निळा मागच्या पडद्यापुरता ठेवावा आणि नटावर समोरून पिवळसर पांढरा द्यावा. कापड सुती घ्यावं, सॅटिन नको. रंगवलेला तुकडा प्रकाशयोजनाकाराला आधीच्या तालमींत दाखवावा. रंगीत तालमीच्या रात्री दाखवून काय उपयोग?

सुभद्रेच्या शिवलेल्या नऊवारीबद्दल परीक्षणात अवाक्षर नाही. कमरेला इलॅस्टिक, काष्टा शिवलेला, कापड पॉलिएस्टरचं. मांडी घालून बसताच शिवण ताणली आणि उठताना तिचा हात पदाच्या ऐन सुरुवातीला मागे गेला. पदर अंगावरच्या माइकवर घासत होता, ती खरखर शेवटच्या रांगेपर्यंत आली. सव्वाआठ मीटरची खरी नऊवारी सराईत हात दहाएक मिनिटांत नेसवतो. दोनदा धुऊन खळ काढलेली सुती साडी आवाज करत नाही, निऱ्याही फुगत नाहीत. माइकची डबी मात्र पाठीमागे खोचू नये, तिथे काष्टा येतो. कापडी पिशवीत घालून नाडीने कुशीला, पदराखाली बांधावी. काष्टा खोचून झाल्यावर नटीला दोनदा मांडी घालून उठायला लावावं. सैल राहिलेला काष्टा तिथेच कळतो.

शिवलेली साडी का घेतात, तेही सांगतो. अनेक नाट्यगृहांच्या मेकअप रूममध्ये इस्त्रीसाठी एकच प्लग असतो, कपडे टांगायला दांडी नसते आणि साडी पसरायला कोरडी जमीन मिळत नाही. पालिका भाडं घेते, तर निदान दोन प्लग आणि एक दांडी द्यावी. तुमच्या समीक्षकांनी पुढच्या वेळी मध्यंतरात आत येऊन हे बघावं, एवढी विनंती.

आपला,
कपडेपट सांभाळणारा एक वाचक
नौपाडा, ठाणे