ठेका काढून घेतल्यावर गाण्यात काय उरते?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्यांबद्दल आपल्या रविवार पुरवणीत वाचकांची मते छापून आली. बहुतेकांचा सूर एकच होता : मूळ गाण्याला हात लावू नये आणि लावायचाच असेल तर ते लगेच ओळखू यावे. या मतामागचे गाण्यावरचे प्रेम मला समजते, पण मत पटत नाही. ते का पटत नाही, हे एका परदेशी अल्बमच्या निमित्ताने सांगतो. त्या अल्बमवरून आमच्या मंडळींत जेवढा वाद झाला, तेवढा दुसऱ्या कशावरूनही झालेला नाही.

आम्ही काही जण अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखादा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकतो. काही निवृत्त, काही नोकरदार, दोघे-तिघे महाविद्यालयात शिकणारे. घरी कुणी मराठी बोलतो, कुणी तेलुगू, कुणी कन्नड, कुणी दखनी. सोलापुरात यात नवल काही नाही. ब्रिटिश रॉक गायक पीटर गॅब्रिएल हे नाव आमच्यात आले ते नुसरत फतेह अली खान यांच्यामुळे. खानसाहेबांचा 'मस्त मस्त' हा १९९० चा अल्बम ज्या रिअल वर्ल्ड कंपनीने काढला, ती गॅब्रिएल यांनी उभी केलेली. म्हणून कुतूहलाने त्यांचा २०१० चा 'स्क्रॅच माय बॅक' लावला.

यात १२ गाणी आहेत आणि सगळी दुसऱ्यांची. डेव्हिड बोवी, पॉल सायमन, लू रीड, नील यंग यांच्यापासून रेडिओहेड, आर्केड फायर, रेजिना स्पेक्टर अशा नंतरच्या मंडळींपर्यंत. गॅब्रिएल यांनी स्वतःला एक अट घालून घेतली : गिटार नाही आणि ड्रम नाहीत. रॉक संगीताचे दोन्ही खांबच काढून घेतले. उरला पियानो, व्हायोलिन-चेलोचा वाद्यवृंद आणि साठीला टेकलेल्या माणसाचा किंचित खरखरीत आवाज. वाद्यवृंदाची बांधणी जॉन मेटकाफ यांची आहे.

अल्बम संपला आणि आमच्यात सरळ दोन तट पडले. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "ही शोकसभा आहे. बारा गाण्यांत एकदाही पाय हलला नाही." आमच्यातले एक जण भजनात तबल्याची साथ करतात. ते तर नाराजच झाले. लय हा गाण्याचा श्वास आहे आणि तो मुद्दाम कोंडण्यात कसली कला, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला एका बाईंनी 'द बुक ऑफ लव्ह' लगेच पुन्हा लावायला सांगितले. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने वेगळाच मुद्दा काढला. त्याने यातले एकही मूळ गाणे ऐकलेले नव्हते. तो म्हणाला, "तुम्ही सगळे तुलना करताय. माझ्यासाठी ही पहिल्यांदाच ऐकलेली गाणी आहेत आणि यातली चार-पाच मला फार आवडली." आपल्या पुरवणीतल्या चर्चेत या श्रोत्याचा आवाज कुठेच नव्हता. मूळ गाणे ज्याच्या आठवणीत नाही, त्याच्यापुढे नव्या आवृत्तीला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. खरी परीक्षा तिथे होते, असे मला वाटते.

आता माझे मत. पॉल सायमन यांचे 'द बॉय इन द बबल' हे गाणे त्यांच्या १९८६ च्या 'ग्रेसलँड' अल्बममधले. दक्षिण आफ्रिकेतल्या वादकांसोबत केलेले; अकॉर्डियनने सुरू होते आणि ढोलाच्या दणक्यावर धावते. ऐकताना मान डोलते. पण शब्दांत काय आहे? बाबागाडीत ठेवलेला आणि रेडिओच्या तारेवर जुळवलेला बॉम्ब. इतकी वर्षे मी हे गाणे ऐकत आलो, पण ती बाबागाडी माझ्या डोळ्यांपुढे खऱ्या अर्थाने उभी राहिली ती गॅब्रिएल यांनी ठेका काढून पियानोवर सावकाश एकेक ओळ म्हटली तेव्हा. मूळ गाणे यामुळे कमी ठरत नाही. भयंकर बातमी नाचऱ्या चालीवर सांगणे हीच सायमन यांची युक्ती होती. पण त्याच शब्दांत दुसरे गाणे दडले होते, हे कळायला कुणीतरी ती चाल बाजूला ठेवायला हवी होती.

बोवींच्या १९७७ च्या 'हीरोज'चेही तसेच. मूळ गाण्यावर रॉबर्ट फ्रिप यांच्या गिटारच्या लांबलचक सुरांची छाया आहे. इथे सुरुवात जवळजवळ कुजबुजीने होते, व्हायोलिनची लहान लहान आवर्तने एकमेकांवर चढत जातात आणि आवाज शेवटी फुटतो. तबलजी मित्राला मी हेच ऐकायला सांगितले. ड्रम नाहीत म्हणून लय गेलेली नाही, ती तारांवर गेली आहे. त्यांनी पुन्हा ऐकले आणि एवढ्या एका गाण्यापुरते मान्य केले.

त्यांना सर्वांत जास्त विचारात पाडले ते एका माहितीने. गॅब्रिएल शाळेत असताना मुळात ड्रम वाजवत. पुढे त्यांच्या स्वतःच्या अल्बमची ओळखही तालवाद्यांवरूनच झाली. म्हणजे ज्या गोष्टीत हुकमत, तीच या माणसाने बाजूला ठेवली.

आणि इथे मला कुमार गंधर्व आठवल्याशिवाय राहात नाहीत. लहानपणी तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गायकी जशीच्या तशी उतरवणारा हा मुलगा. त्याच्या कीर्तीची सुरुवातच नकलेतून झाली. बालगंधर्वांची हुबेहूब आठवण करून देणे त्यांना सहज जमले असते. तरी 'मला उमजलेले बालगंधर्व' मध्ये त्यांनी तसे केले नाही. तीच नाट्यपदे, पण आवाज, लगाव, विराम कुमारांचे. आमच्यातल्या दोन ज्येष्ठांना ते आजही मान्य नाही. त्यांच्या मते बालगंधर्वांची पदे बालगंधर्वांसारखीच ऐकू यायला हवीत. मला मात्र ज्याला नक्कल येते त्याने नक्कल नाकारणे ही त्या मूळ गायकाला दिलेली सर्वांत मोठी मानवंदना वाटते.

सोलापूरकरांना तर ही गोष्ट अनोळखी नसावी. पंढरीच्या वाटेवर एकच अभंग दिंडीगणिक वेगळ्या चालीत कानी पडतो आणि कुणी मूळ चाल कोणती म्हणून भांडत नाही. सिद्धरामेश्वरांची, बसवण्णांची कन्नड वचने आठशेहून अधिक वर्षे जुनी. ती मल्लिकार्जुन मन्सूरांनी रागांत बांधून गायली आणि घरोघरी लोक आपापल्या सुरातही म्हणतात. आपल्याच गावच्या शाहीर राम जोशींची 'सुंदरा मनामधि भरली' आज बहुतेकांच्या ओठांवर आहे ती १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी' चित्रपटातल्या, वसंत देसाईंच्या संगीतात जयराम शिलेदारांनी गायलेल्या रूपामुळे. तेव्हा सगळ्यांनी नवी चाल नको म्हणून हट्ट धरला असता, तर ती लावणी आज किती जणांना ठाऊक असती?

गॅब्रिएल यांच्या अल्बममध्ये दोष नाहीत असे मी म्हणत नाही. शिक्षकांचा आक्षेप निम्मा तरी खरा आहे. बाराही गाणी जवळपास एकाच मंद गतीची, एकाच गंभीर रंगाची आहेत. 'माय बॉडी इज अ केज'मध्ये वाद्यवृंद इतका अंगावर येतो की गाणे त्याखाली चेपते, आणि रेडिओहेडच्या शेवटच्या गाण्यापर्यंत पोचता पोचता कान थकतात. एखादे गाणे हलकेफुलके ठेवले असते तर बाकीची अधिक उठून दिसली असती.

या अल्बमची मूळ कल्पना देवाणघेवाणीची होती : मी तुमचे गाणे गातो, तुम्ही माझे गा. उलट बाजूचा अल्बम यायला २०१३ उजाडले आणि बोवी, नील यंग, रेडिओहेड त्यात आले नाहीत. बोवींच्या जागी 'हीरोज'चे सहलेखक ब्रायन ईनो आले. लू रीड आणि पॉल सायमन मात्र आले. सायमन यांनी गॅब्रिएल यांचे 'बिको' गायले. दक्षिण आफ्रिकेतल्या पोलिसांच्या कोठडीत १९७७ साली मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्यावरचे, ढोलांच्या गजरातले हे गाणे सायमन यांनी अगदी साधे, जवळ बसून सांगितल्यासारखे केले. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकावेत, अशी माझी वाचकांना आग्रहाची विनंती आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या शहरात हल्ली जुन्या गाण्यांचे कार्यक्रम आणि कराओके मंडळे भरपूर आहेत. हुतात्मा स्मृती मंदिरात अशा कार्यक्रमांना चांगली गर्दी होते, माणसे मनापासून गातात, त्याचा मला आनंद आहे. पण या कार्यक्रमांच्या बातम्यांत सर्वांत मोठी दाद कोणती असते? 'हुबेहूब गायले'. स्पर्धांतही गुण मिळतात ते मूळ रेकॉर्डशी जुळण्याला. कराओकेच्या ट्रॅकवर तर सूर, गती, मधली जागा सगळे आधीच ठरलेले. गाणाऱ्याने त्यात आपले काही घालायला वावच नाही. अशाने चांगल्या गळ्याची तरुण मुले आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज काढत राहतात.

म्हणून आपल्याला दोन सूचना. आपल्या समीक्षकांनी अशा कार्यक्रमांबद्दल लिहिताना गायकाने गाण्यात नवीन काय केले आणि ते का साधले किंवा फसले, हे लिहावे. फसले असेल तर तसेही स्पष्ट लिहावे. दुसरी सूचना आयोजकांसाठी, ती आपल्यामार्फत पोचावी. एखाद्या संध्याकाळी ट्रॅक बंद ठेवून, नुसती पेटी किंवा नुसते व्हायोलिन घेऊन, ओळखीची दहा गाणी गायकांनी आपल्या पद्धतीने गावीत आणि नंतर श्रोत्यांना बोलू द्यावे. आमचे तबलजी मित्र विरोधी बाजूने बोलायला येणार आहेत. त्यांनी मला तसे आधीच बजावले आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर