एकटा क्वार्टरबॅक काय काय करणार

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला, अमेरिकन फुटबॉलमधल्या चीफ्सकडे महोम्ससारखा क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा) आहे तोवर त्यांना बाकी कोण खेळतंय याचं टेन्शन नाही म्हणे. अरे असं कसं रे? फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, आठव ना. हाफटाइमला ईगल्स २४-० पुढे, चीफ्स सगळे मिळून जेमतेम २३ यार्ड पुढे सरकलेले, आणि शेवटी ४०-२२. महोम्सला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल टाकायच्या आत पाडलं, तेही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणसं अंगावर न पाठवता, पुढच्या चौघांनीच त्याला राखणारी लाइन फोडली आणि मागे सात जण कव्हरेजला, पास अडवायला, तसेच मोकळे राहिले, मग तो बॉल टाकणार कुठे आणि कधी! २०२१ मध्ये टॅम्पाविरुद्ध पण हेच झालं होतं, त्याचे दोन्ही नेहमीचे टॅकल, म्हणजे लाइनच्या दोन टोकांचे राखणदार, जखमी होऊन बाहेर, बिचारा अख्खी मॅच जीव घेऊन पळत होता, ३१-९ हरले, एक टचडाउन नाही. माझ्यासाठी आजही तोच सगळ्यात भारी क्वार्टरबॅक आहे, म्हणून तर हे बघताना जास्त त्रास होतो.

तू कोल्ट्सच्या क्वार्टरबॅकचं, मॅनिंगचं उदाहरण देशील, माहितीय मला. २०११ ला मानेच्या दुखापतीमुळे तो खेळलाच नाही आणि कोल्ट्स आदल्या सीझनच्या १० विजय-६ पराभवांवरून थेट २-१४. बरोबर आहे, पण २००८ चे पेट्रियट्स बघ, पहिल्याच मॅचला त्यांच्या क्वार्टरबॅकचा, ब्रेडीचा गुडघा गेला आणि कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून एकही मॅच स्टार्ट न केलेल्या मॅट कॅसलला घेऊन ते ११ जिंकले. प्लेऑफ हुकलं ते हुकलंच, ब्रेडी असता तर नसतं हुकलं हेही मान्य. पण टीम कोसळली नाही ना.

आणि पैशाचं काय? सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, सगळ्यांना सारखीच, एकाला ढीगभर दिले की लाइन आणि डिफेन्सला कमीच उरणार. सीहॉक्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या राउंडला घेतलेला, रुकी कॉन्ट्रॅक्टवर (नवख्याच्या पहिल्या करारावर) एकदम स्वस्तात, म्हणून तर एवढा तगडा डिफेन्स ठेवणं परवडलं त्यांना. त्यांनी २०१३ च्या सीझनला ६०६ पॉइंटचा रेकॉर्ड करणाऱ्या डेन्व्हरला, म्हणजे तोवर तिकडे गेलेल्या मॅनिंगच्याच टीमला, सुपर बोलमध्ये ४३-८ ने धुतलं.

पुढची मॅच बघशील तेव्हा स्नॅप झाल्यावर, म्हणजे बॉल मागे क्वार्टरबॅककडे दिल्यावर, पहिले दोन-तीन सेकंद महोम्सकडे बघूच नको, लेफ्ट टॅकलकडे बघ, आणि मग मला फोन कर.

तुझाच,
निखिल