हत्ती, सोळा फरश्या आणि माझी फजिती

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, सकाळ

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. ‘अजून ते शून्य-एकचे चौकोनच भरत बसतोस काय?’ असं विचारलंयस. होय बाबा, तेच. आणि परवा त्यांनीच मला भर वर्गात तोंडावर पाडलं.

ग्राफचा (म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचा) मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, शिकवत होतो. बिंदू चौक, भवानी मंडप, पापाची तिकटी, गंगावेस असे ठिपके काढले (बिंदू चौकापासून सुरुवात, हा विनोद दरवर्षी करतो, दरवर्षी कुणी हसत नाही). दोन ठिकाणं थेट जोडलेली असतील तर 1, नाहीतर 0. या मॅट्रिक्सचा वर्ग केला की दोन टप्प्यांत कुठून कुठं किती वाटांनी जाता येतं ते निघतं. ‘इथून मधल्या चौकात जाता येतं का’ गुणिले ‘तिथून पुढं जाता येतं का’, दोन्ही 1 असतील तरच उत्तर 1, आणि अशा सगळ्या मधल्या चौकांची बेरीज. घन केला की तीन टप्पे. पोरांना हे आवडतं.

कागलहून येणारी एक पोरगी आहे, मागच्या बाकावर बसते. तिनं विचारलं, ‘‘सर, चौकांची नावं पुसली आणि नुसते आकडे बघितले; दोन ग्राफचे सगळ्या घातांतले आकडे जुळले, तर ग्राफ एकच म्हणायचा ना?’’ मी म्हटलं, हो, एकच. घंटा झाली. गाडीला किक मारताना आठवलं, अरे, श्रीखंडे!

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. नागपुरात शिकले, पुढं मुंबई विद्यापीठात गणित विभाग उभा केला. 1959 मध्ये बोस आणि पार्कर या गणितज्ञांबरोबर त्यांनी ऑयलरचा 1782 चा लॅटिन चौरसांबद्दलचा (प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक चिन्ह एकदाच येतं ते चौरस) अंदाज खोटा पाडला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर बातमी छापली होती. 2020 मध्ये गेले, वयाच्या 102 व्या वर्षी. त्यांच्या नावाचा एक ग्राफ आहे आणि मी नेमका तोच विसरलो.

घरी आलो आणि सोप्यातल्या शहाबादी फरशीवर खडू घेऊन बसलो. चार बाय चार, सोळा फरश्या. आधी बुद्धिबळातला हत्ती: एका फरशीवरून आडव्या-उभ्या रांगेत जिथं जाता येतं तिथं जोड. प्रत्येकीला सहा शेजारी. मग श्रीखंड्यांचा: वर, खाली, डावीकडं, उजवीकडं आणि एकाच तिरक्या रेघेवर दोन्ही बाजूंनी एकेक घर. उजव्या कडेतून बाहेर पडलास की डावीकडून आत, वरून गेलास की खालून. इथंही सहाच. आई चहा घेऊन आली, म्हणाली, ‘‘सारीपाट मांडलास व्हय रं?’’ आणि खडूच्या रेघा चुकवत कडेनं गेली.

आता गंमत बघ. कुठल्याही दोन फरश्या घे, जोडलेल्या असोत वा नसोत, दोघींचे सामाईक शेजारी बरोबर दोन. दोन्ही ग्राफांत! म्हणून दोन्हींच्या वर्गात कर्णावर 6, बाकी सगळीकडं 2. घनात कर्णावर 12, जोडलेल्या जोडीला 16, न जोडलेल्या जोडीला 12. दहावा घात काढ, शंभरावा काढ, आकडे तेच. आयगेन व्हॅल्यूसुद्धा (मॅट्रिक्सची ओळख सांगणारे खास आकडे) त्याच: 6 एकदा, 2 सहा वेळा, उणे 2 नऊ वेळा. लेका, मोजणीला काही म्हणजे काही कळत नाही.

आणि तरी ग्राफ वेगळे. एका फरशीचे सहा शेजारी आपापसांत कसे जोडलेत ते बघ. हत्तीच्या ग्राफात तिघे आडव्या रांगेतले, तिघे उभ्या. दोन सुटे त्रिकोण. श्रीखंड्यांच्यात तेच सहा हातात हात घालून एक फेर धरतात, हादग्यासारखा. इकडंही सहा रेघा, तिकडंही सहा, म्हणून त्रिकोणांची गणती जुळते आणि मॅट्रिक्स फसतो. मला हे माहीत होतं रे, पण खडूनं काढेपर्यंत दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, काल मी चूक सांगितलं. दोन्ही ग्राफ फळ्यावर काढले आणि गप्प बसलो. पंधरा मिनिटांनी तीच पोरगी उठली: ‘‘सर, पहिल्यात चार ठिपके एकमेकांशी पूर्ण जोडलेले सापडतात, एक आख्खी रांगच. दुसऱ्यात असे चार नाहीतच.’’ फेरात हात फक्त लगतच्याचाच धरतात, त्यामुळं कुठलेही तिघे एकमेकांशी जोडलेले नसतात, म्हणून नाहीत. मी तिला फेराबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मग तिचा पुढचा प्रश्न: पाच बाय पाचला पण असा जुळा आहे का? नाही. श्रीखंड्यांनी 1959 मध्येच दाखवलंय, हत्तीच्या ग्राफला असा जुळा फक्त चारलाच मिळतो. चारच का, हे तिला दोन वाक्यांत सांगायला मला जमलं नाही. तुला जमतंय का बघ, तू आमच्यात हुशार होतास.

तुझा,
दिप्या

ता. क. तू सांगितलेली चप्पल घेऊन ठेवलीय, नऊ नंबर, करकर वाजणारी. सोप्यातला खडू अजून पुसलेला नाही, आई ओरडतेय.