आवाहन : आजींच्या नावाने पऱ्यावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) उभा करूया

सर्व गावकरी, मुंबई-पुण्याकडची चाकरमानी मंडळी आणि माहेरवाशिणींना सप्रेम नमस्कार.

आजींना जाऊन आता वर्ष होईल. नव्वदी ओलांडली तरी काठी टेकत वाडीभर फिरायच्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले आपण बहुतेक सगळे त्यांच्याच हातावर जन्मलो. खेडला जायला धड रस्ता नव्हता तेव्हा रात्री-अपरात्री हाक आली की कंदील आणि सरकारी दाई प्रशिक्षणात मिळालेली पत्र्याची पेटी घेऊन त्या निघायच्या. पऱ्याला पाणी असलं तर पेटी डोक्यावर, लुगडं खोचलेलं, नि पुढे हात धरायला बाळंतिणीचा दीर नाहीतर सासरा. पाचवीचा खण-नारळ घ्यायच्या, पैसा कधी घेतला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी थांबल्या. तेव्हा आजींनी आपल्या कणगीतली नाचणी पायलीने मोजून घरोघर दिली. कुणाला किती दिली, ते शेवटपर्यंत त्यांच्या तोंडून आलं नाही. २०२० मध्ये मुंबईहून आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं होतं, तेव्हा काहींच्या स्वतःच्या घरचंही कुणी फिरकलं नाही. आजींकडून मात्र रोज भात आणि कुळथाची पिठी शाळेच्या पायरीवर यायची.

आपला जुना साकवही त्यांच्याच पाठपुराव्यामुळे झाला. मुंबईत गावकीच्या खोलीवर राहणाऱ्या गिरणी कामगारांनी पगाराच्या दिवशी वर्गणी काढली, वाडीतल्या गवंड्यांनी मजुरी घेतली नाही, पलीकडच्या दोन घरांनी वाटेसाठी शेताचा बांध सोडला. नदीतून वाळू वाहणाऱ्या बायकांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, पण मंडळाला त्यांची आठवण आहे. या सर्वांचे ऋण मान्य करूनच पुढचं लिहितो आहे.

२२ जुलै २०२१ ला जगबुडी नदीने खेडची बाजारपेठ बुडवली, त्याच पावसात आपल्या साकवाचा एक खांब खचला. तेव्हापासून बांबू टाकून ये-जा चालू आहे. १०८ ची गाडी पलीकडेच थांबते. कळंबणीच्या रुग्णालयात न्यायची गरोदर बाई आजही पावसाळ्यात खुर्चीला काठ्या बांधून चौघं उचलून नेतात. अर्ज झाले, पाहणी झाली, फोटो काढून नेले, पुढे काही नाही. गेल्या गणपतीतल्या सभेत हाच विषय निघाला तेव्हा निम्मी मंडळी आरतीची वेळ झाली म्हणून उठून गेली. आजी तेव्हा खांबाला टेकून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रावणबाळ योजनेचे साठलेले पैसे रुमालात बांधून खजिनदारांकडे आणून दिले. साकव निधीची पहिली पावती त्यांच्या नावाची आहे. त्यानंतर पावती पुस्तक फारसं पुढे सरकलं नाही, हे लिहिताना वाईट वाटतं. त्या गेल्या तेव्हा ग्रुपवर श्रद्धांजलीचे संदेश रात्रभर येत होते. तेवढ्याच आपुलकीने आता वर्गणी यावी.

ग्रामपंचायतीचा ठराव झाला आहे, लोकवर्गणीचा वाटा आपला. चाकरमानी घरटी किमान २,००० रुपये, गावातली घरं ऐपतीप्रमाणे व दोन दिवस श्रमदान. माहेरवाशिणींना सक्ती नाही, पण त्यांची इच्छा असणारच. सिमेंट, सळई, खडी वस्तुरूपानेही चालेल. रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. ऑनलाइन पाठवणाऱ्यांनी घराचं नाव लिहावं, नाहीतर हिशेब लागत नाही. दसऱ्यापर्यंत रक्कम जमली तर दिवाळीनंतर पाणी उतरताच खांबाचं काम धरता येईल आणि शिमग्यात पालखी नव्या साकवावरून नेता येईल. उशीर झाला तर आणखी एक पावसाळा बांबूवर काढावा लागेल.

आपला नम्र,
चिटणीस, ग्रामस्थ मंडळ

ता. क. : गवंड्यांच्या जेवणाचा एकेक दिवस घेणाऱ्या घरांनी नवरात्राआधी कळवावं.