माणूस तोच राहू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली. माझा धाकटा भाऊ आधी बोटीवर खलाशी होता, आता किनाऱ्यावर जाळी शिवतो. बायपोलरचा त्रास आहे त्याला, म्हणजे कधी डोक्यात वारं भरल्यासारखा जोर, कधी एकदम उदास, १० वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती डॉक्टरांसमोर बसलो ते एकदा वहीच्या मागच्या पानावर मोजलं, तर १३ निघाले. म्हणजे १३ वेळा सगळं पहिल्यापासून, झोप कधी उडाली, पहिल्यांदा कोणावर हात उचलला, घराण्यात आधी कोणाला होतं का... गेल्या खेपेला डॉक्टरांनी कोरा केसपेपर पुढे ओढला तसा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "परत पयल्यापासून सगळा सांगूचा?" आणि उठून बाहेर बाकावर जाऊन बसला. डॉक्टरांना तरी काय बोलणार, दाराबाहेर रांग होती आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

मधली काही वर्षं बरी गेली, कारण जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम इकडे कॅम्प घेते, तिथे एक नर्सताई कायम असायच्या. एका मे महिन्यात भावाचे हात थरथरायला लागले, चालताना झोक जायचा. आम्हाला वाटलं परत प्यायला लागला, शेजाऱ्यांनाही तेच वाटलं, व्यसनमुक्तीला पाठवायच्या गोष्टी सुरू झाल्या. ताईंनी त्याला बघितलं आणि पहिलं विचारलं, दिवसभर उन्हात बसतोस, पाणी किती पितोस, जुलाब वगैरे झाले का? तो या आजारासाठी लिथियमच्या गोळ्यांवर आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते जिवावर बेतू शकतं. रक्त तपासलं, वाढलेलंच होतं. ताईंना तो पिऊन कसा दिसतो ते माहीत होतं, म्हणून हा प्रश्न सुचला. मग त्यांची कंत्राटी ऑर्डर संपली. आम्हाला कळलं ते पुढच्या कॅम्पला गेल्यावर.

साहेब, वेगवेगळ्या टीम नकोत असं मी म्हणत नाहीये. व्यसनाचं काम वेगळं, लहान मुलांचं वेगळं, बाळंतपणानंतर आजारी पडलेल्या बाईचं वेगळं, तिथे त्या त्या विषयातलीच माणसं हवीत. पण पेशंट या दारातून त्या दारात जाताना त्याच्याबरोबर कोण जातं? इंग्लंडात पूर्वी बऱ्याच ठिकाणी वॉर्डातला डॉक्टरच पेशंटला बाहेरही बघायचा, २००० नंतर तिकडे वॉर्डाचे वेगळे, बाहेरचे वेगळे, तातडीच्या वेळचे वेगळे असं झालं आणि त्यावर तिथे अजून वाद चाललाय. त्यांच्याकडे निदान वाटून घ्यायला माणसं तरी आहेत. आपल्याकडे अख्ख्या राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. बाकी भिस्त जिल्ह्याच्या टीमवर, आणि तिथली माणसं टिकत नाहीत.

शिमग्याच्या आधी भाऊ रात्री उठून धड असलेली जाळी उसवतो आणि परत शिवायला घेतो. हे दिसलं की समजायचं, आठ दिवसांत आजार उसळणार. ताईंना हे ठाऊक होतं, मी नुसता फोन केला तरी त्या डॉक्टरांशी बोलून ठेवायच्या. केसपेपरवर याला रकाना नाही. त्या गेल्यानंतरच्या शिमग्यात हे सांगायलाच कोणी नव्हतं, त्याला शहरातल्या एका इस्पितळात भरती करावं लागलं. डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ, "जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे". कोणाला दाखवावे, कधी, काही नाही. इकडे कोणाला कळवलंही नव्हतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम ९८ मध्ये सरळ लिहिलंय की पेशंटला घरी सोडताना, दुसरीकडे पाठवताना किंवा नवीन मनोविकारतज्ज्ञाकडे सोपवताना आधीच्या डॉक्टरांनी पेशंटशी, घरच्यांशी आणि पुढे जे बघणार त्यांच्याशी बोलायचं. कायदा आहेच, मी नवीन काही मागत नाही. त्याची अंमलबजावणी करा. डिस्चार्जच्या आधी जिल्ह्याच्या टीमला फोन गेला का, हे तपासा. आणि प्रत्येक जुन्या पेशंटमागे एक माणूस नेमा, नर्स चालेल, समाजसेवक चालेल, डॉक्टरच पाहिजे असं नाही, फक्त तो वर्षानुवर्षं तोच राहू दे. त्याला कंत्राटावर ठेवू नका. बदली करायचीच असेल तर जुना आणि नवा दोघं मिळून दोन-तीन कॅम्प बसू देत, पेशंटसमोर. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी चार लोकांना दिलाय, रात्री-अपरात्री आधार आहे त्याचा, पण तिकडून बोलणारं माणूस दरवेळी ओळखीचं असेलच असं नाही.

पुढच्या मंगळवारी कॅम्प आहे. भाऊ येणार नाही म्हणतोय. गोळ्या आणायला बहुतेक मी एकटीच जाईन, आणि समोर कोण असेल ते तिथे गेल्यावर कळेल.

आपली,
देवगड तालुक्यातली एक बहीण